हरणाऱ्यांच्या पक्षाला

विजयी पक्षाच्या मागें चालण्यास फारसें मनोधैर्य लागत नाहीं. मिरवणूक निघाली कीं वाटेंतला माणूसहि तींत सामील होतो, आणि चार पावलें चालल्यावर ती आपलीच मिरवणूक आहे असें त्याला वाटूं लागतें. परंतु जो संघ आज हरला, काल हरला आणि उद्यांहि बहुधा हरणार, त्याचा खेळ पाहण्यास रोज सायंकाळीं नेमानें बसणाऱ्या माणसाला काय म्हणावें? आमच्या घरांत या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत दिलें जाई. तो शब्द येथें लिहिण्याजोगा नाहीं. २०२४ च्या उन्हाळ्यांत मी तसा माणूस होतों, आणि त्या उन्हाळ्यानें मला जें दिलें तें एखाद्या विजयी संघाच्या मागें लागून मिळालें असतें असें मला वाटत नाहीं.

खेळ बेसबॉल आणि संघ शिकागोचा ‘व्हाइट सॉक्स’. आम्ही उभयतां मुलाकडे शिकागोनजीकच्या एका उपनगरांत राहावयास आलों, त्याला आतां बरींच वर्षें झालीं. माझा पिंड पुण्याच्या मैदानांवरील क्रिकेटवर पोसलेला. त्यामुळें हा खेळ प्रथम मला अगदींच ओबडधोबड वाटला. पण नातवानें मला हाताशीं धरलें. “आजोबा, क्रिकेट थोडा वेळ बाजूला ठेवा, म्हणजे कळेल,” असें तो म्हणे. आणि खरोखरच तसें केल्यावर कळूं लागलें.

वाचकांपैकीं ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. दोन्हीकडे नऊ नऊ खेळाडू आणि सामन्याचे नऊ डाव. प्रत्येक डावांत तीन गडी बाद झाले कीं फलंदाजी प्रतिपक्षाकडे जाते. चेंडू फेकणारा पिचर साठ फूट सहा इंच अंतरावरून, टप्पा न पाडतां, ताशीं नव्वद-पंचाण्णव मैल वेगानें चेंडू फेकतो. फलंदाजाला विचार करावयास पुरें अर्धें सेकंदहि मिळत नाहीं. यामुळें दहांपैकीं तीन वेळां ज्याचा फटका साधतो तो फलंदाज या खेळांत उत्तम गणला जातो. म्हणजे दहांपैकीं सात वेळां तोहि मान खालीं घालून परत येतो. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. रोजचा वरणभात जसा, तसा रोजचा सामना. त्या वर्षीं सर्वांत अधिक सामने जिंकून शेवटीं अजिंक्यपदहि मिळविणाऱ्या लॉस अँजेलिसच्या ‘डॉजर्स’नींसुद्धां ६४ सामने गमावले होते. अपयश हा या खेळांत अपवाद नाहीं. तो त्याचा नित्याचा शेजारी आहे.

परंतु शेजारी शेजारी म्हणून राहिला तर शोभतो. आमच्या व्हाइट सॉक्सच्या घरांत त्यानें बिऱ्हाडच थाटलें. २८ मार्चला पहिला सामना डेट्रॉइटविरुद्ध झाला. आमचा गॅरेट क्रोशे नांवाचा तरुण पिचर सहा डाव अप्रतिम खेळला, त्यानें आठ जणांना फटकाहि मारूं न देतां परत पाठविलें, आणि आम्ही शून्याविरुद्ध एका धावेनें हरलों. पहिल्या पंचवीस सामन्यांत विजय तीन आणि पराभव बावीस! पुढें १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत लागोपाठ एकवीस सामने गेले. अमेरिकन लीगमध्यें सलग पराभवांचा जो उच्चांक बाल्टिमोरच्या संघानें १९८८ सालीं केला होता, त्याच्याशीं आमची बरोबरी झाली.

या काळांत मीं एक वही ठेविली होती. बेसबॉलचा सामना कागदावर टिपून ठेवण्याची एक जुनी पद्धति आहे. मैदानावरील प्रत्येक जागेला एक आंकडा असतो. पिचर एक, त्याचा चेंडू झेलणारा दोन, याप्रमाणें नऊपर्यंत. ‘६-४-३’ असें लिहिलें कीं जाणता माणूस समजतो, कीं चेंडू सहाव्या जागेवरच्यानें अडविला, चौथ्याकडे दिला, त्यानें तिसऱ्याकडे, आणि एका झटक्यांत दोन गडी बाद झाले. सामना संपला कीं एक पान भरतें. हें काम करतांना एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. पराभवाचें पान विजयाच्या पानाइतकेंच भरतें. त्यांतहि कोणी जिवावर उदार होऊन धांवलेला असतो. कोणी भिंतीवर आदळून झेल घेतलेला असतो. कोणी जाणूनबुजून हलका फटका मारून स्वतः बाद झालेला, पण आपल्या गड्याला एक मजल पुढें सरकवून गेलेला असतो. या शेवटच्या कृत्याला तेथें ‘सॅक्रिफाइस’ म्हणजे बलिदान असेंच म्हणतात, आणि तें फलंदाजाच्या अपयशांत धरीत नाहींत. ज्यानें वर्तमानपत्रांत फक्त निकाल वाचला त्याला एवढेंच कळतें, कीं आज पुन्हां हरले. ज्यानें पान भरलें त्याला कळतें, कीं हरले खरे, पण कसे हरले.

मैदानावरच्या फलकावरहि मोठ्या अक्षरांत तीन रकाने असतात: धावा किती, साधलेले फटके किती, आणि चुका किती. चुकांचा रकाना हजारों लोकांसमोर असा उघडा टांगलेला मीं दुसऱ्या कोणत्या व्यवहारांत पाहिलेला नाहीं. आपण संसारांत हा रकाना शेजाऱ्याचा तेवढा वाचतों, आणि आपला झांकून ठेवितों.

चिरंजीवांना माझें हें वेड पसंत नव्हतें. ते स्वतः तरुणपणीं या संघाचे मोठे अभिमानी; २००५ सालीं व्हाइट सॉक्सनीं अठ्ठ्याऐंशी वर्षांनंतर अजिंक्यपद मिळविलें, तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें. एके रात्रीं ते मला म्हणाले, “बाबा, दुकानांतला माल वाईट निघाला तर आपण दुकान बदलतों. इथें मात्र वाईट मालाला तुम्ही रोज नमस्कार करतां. यानें विकणाऱ्याचें फावतें, दुसरें काय?” मला हा मुद्दा अगदींच टाकाऊ वाटला नाहीं. अंध भक्तीनें देवहि आळशी होतो, असें मीं स्वतःच पुष्कळांना सांगितलेलें आहे. तरीहि मी त्यांना एवढेंच म्हणालों, “दुकान असतें तर मीहि बदललें असतें. पण गांवची नदी आटली म्हणून कोणी गांवाचें नांव बदलीत नाहीं.” चिरंजीव हसले आणि दिवा मालवून झोपावयास गेले. वाद मिटला नाहीं. आमच्या घरांत वाद मिटत नसतात, ते फक्त उद्यांवर जातात.

खरी कसोटी माझी नव्हती, नातवाची होती. शिकागोंत संघ दोन: उत्तरेस ‘कब्स’, दक्षिणेस ‘व्हाइट सॉक्स’. आमच्या उपनगरांतील मुलें बहुतेक कब्सचीं. दहा वर्षांचा आमचा मुलगा काळी टोपी घालून त्यांच्यांत वावरणारा एकटा. मे महिन्यांत एके दिवशीं तो शाळेंतून आला तों टोपी दप्तरांत कोंबलेली. कोणी कांहीं विचारलें नाहीं. रात्रीं मी वही उघडून बसलों तेव्हां तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, “आजोबा, सगळे म्हणतात कीं आपली टीम सगळ्यांत वाईट आहे. इतिहासांत.”

मीं त्याला त्याच संघाची एक जुनी हकीकत सांगितली. १९१९ सालचा व्हाइट सॉक्स संघ हा त्या काळच्या उत्तम संघांपैकीं एक होता. दोन वर्षांपूर्वींच त्यानें अजिंक्यपद मिळविलें होतें. अंतिम स्पर्धेंत त्याची गांठ सिनसिनाटीशीं पडली, आणि तो हरला. पुढें आरोप आला, कीं आठ खेळाडूंनीं जुगाऱ्यांशीं संगनमत करून हे सामने विकले. त्यांपैकीं कांहींनीं कबुलीहि दिली होती. १९२१ सालीं पंचांनीं त्यांना निर्दोष म्हणून सोडलें. परंतु खेळाचे नियामक न्यायाधीश लँडिस यांनीं त्या आठही जणांना कायमचें खेळाबाहेर घातलें. व्हाइट सॉक्सला लोक ‘ब्लॅक सॉक्स’ म्हणूं लागले तें तेव्हांपासून. “आतां तूंच सांग,” मी म्हणालों, “ज्यांना जिंकतां येत असून ते पैशासाठीं हरले त्यांची लाज वाटावी, कीं ज्यांना जिंकतां येत नसून जे रोज खेळावयास उतरतात त्यांची?” त्यानें उत्तर दिलें नाहीं. दहा वर्षांच्या मुलाला एका गोष्टीनें समाधान होतें असें मानण्याइतका मी भोळा नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं टोपी दप्तराऐवजीं डोक्यावर होती.

एकवीस पराभवांची मालिका ६ ऑगस्टला ओकलंड येथें तुटली. तिकडची रात्र आमच्याकडे फार उशिरां येते. अकराचा सुमार झाला होता. आम्ही दोघे नभोवाणीचें निवेदन ऐकत बसलों होतों. पांच विरुद्ध एक असा निकाल लागला. नातू ओरडला नाहीं, नाचला नाहीं; तो उठून थेट आजीच्या खोलींत गेला आणि त्यानें तिला जागें केलें. “एकवीसदां हरले आणि एकदां जिंकले, एवढ्यासाठीं घर उठवलेंत होय?” असें आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, पण विचारतां विचारतां त्या स्वयंपाकघरांत गेल्या आणि आम्हां दोघांच्या हातांवर साखर ठेवून परत निजल्या. रोज जिंकणाऱ्यांच्या घरीं त्या साखरेची चव कोणाला कळेल!

२२ सप्टेंबरला १२० वा पराभव झाला. १९०० सालानंतर एका मोसमांत इतके पराभव केवळ न्यूयॉर्कच्या ‘मेट्स’चे, तेहि १९६२ सालीं, त्यांच्या जन्माच्याच वर्षीं झालेले. आणखी एक हार झाली कीं तो मान आमचा. २४ तारखेला आम्ही रेड लाइनच्या गाडीनें पस्तिसाव्या रस्त्यावरील मैदानावर गेलों. लोक आले होते ते कशासाठीं, हें सांगणें कठीण होतें. कांहीं जण उघडच विक्रमी पराभव पाहण्यास आले होते. मालकानें संघ विकावा असा घोषहि पुन्हां पुन्हां उठत होता. तो ऐकून प्रथम मला वाईट वाटलें; मग वाटलें, ज्याला कांहीं वाटत नाहीं तो ओरडावयास घराबाहेर पडत नाहीं. रागावून आलेला माणूसहि आलेलाच असतो. सात डाव आम्ही मागें होतों. आठव्यांत तीन धावा निघाल्या आणि तीन विरुद्ध दोन असा सामना जिंकला. जे हार पाहण्यास आले होते तेहि उभे राहून टाळ्या वाजवीत होते, हें मीं पाहिलें. पुढचे दोन दिवसहि विजयाचेच गेले. जणूं आपल्या अंगणांत तरी तो कलंक लावून घ्यावयाचा नाहीं असा त्या मुलांनीं पण केला होता.

तो लागला २७ तारखेला, डेट्रॉइटमध्यें. चार विरुद्ध एक. पराभव एकशें एकवीस. आणि गंमत अशी, कीं त्याच विजयानें डेट्रॉइटच्या संघाला दहा वर्षांनंतर प्रथमच अंतिम फेऱ्यांत प्रवेश मिळाला. तिकडे मैदानावर आनंदाचा पूर लोटला होता, आणि आमचीं मुलें आपलें सामान आवरीत होतीं. एकाच क्षणाचीं तीं दोन रूपें पडद्यावर पाहातांना नातू म्हणाला, “त्यांचे लोक पण पुष्कळ वर्षें थांबले असतील ना, आजोबा?” वहीचीं सगळीं पानें एका बाजूला आणि हें वाक्य एका बाजूला ठेविलें, तर मी वाक्य उचलीन. उरलेले दोन सामने आम्ही जिंकले, आणि मोसम ४१ विजयांवर संपला.

मेट्सनीं त्या नामुष्कीनंतर सातच वर्षांनीं, १९६९ सालीं, अजिंक्यपद मिळविलें, असें सांगून पुष्कळ जण आमचें सांत्वन करतात. त्यांचा हेतु चांगला असतो. २०२५ सालीं आमच्या संघानें ६० सामने जिंकले आणि १०२ गमावले. जगाच्या दृष्टीनें हेंहि वाईटच, पण ज्यानें वही लिहिली त्याला एकोणीस विजयांची वाढ दिसते. तथापि उद्यांचें अजिंक्यपद हें आजच्या निष्ठेचें व्याज म्हणून मी मागत नाहीं. तसा हिशेब धरला तर ती निष्ठा न राहतां ठेव होते.

आणि खरें पाहतां यांत नवें असें काय आहे? प्रत्येक घरांत कोणी तरी हरत असतो. कोणाचा मुलगा परीक्षेंत दोनदां मागें राहतो, कोणाच्या भावाचा धंदा बसतो, कोणाच्या म्हाताऱ्या वडिलांचें स्मरण रोज थोडें थोडें गळत जातें. त्यांना कोणी सल्ला देतो, कोणी रागें भरतो, आणि त्यांत चूक नाहीं. पण जेवणाची वेळ झाली कीं त्यांचेंहि पान मांडलें जातें, आणि तें मांडतांना आजवरचे विजय किती आणि पराभव किती हें कोणी मोजीत नाहीं.