उतारावरचा ब्रेक



गेल्या शनिवारी भाच्याच्या टर्बो गाडीतून आम्ही पावागढला गेलो. माचीहून उतरताना ब्रेकचं पेडल मऊ पडून खाली बसू लागलं. त्याने खालचा गिअर टाकत गाडी कशीबशी कडेला घेतली. घाबरून मी त्याच्यावर नको तेवढा ओरडलो. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट!

"मामा, मोठ्या डिस्क बसवू," तो म्हणाला. बडोद्याच्या मिस्त्रीने मात्र आधी तपासलं. पॅड जाड होते, गळती नव्हती. पण ब्रेक ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की वाफ होते, पेडलच्या दाबाने ती वाफच दबते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. मिस्त्रीने नवं ऑइल भरून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. पुढच्या उतारावर पेडल घट्ट राहिलं.

बडोद्याच्या सपाट रस्त्यांवर हा दोष दिसलाच नव्हता. माझा रागही तसाच: रविवारी चर्चमध्ये शांत, उतारावर उकळणारा. स्तोत्र १३९ च्या शेवटी भक्त आपलं अंतःकरण पारखायला देवालाच विनवतो. मी भाच्याची क्षमा मागितली.

हे प्रभू, उतार येण्याआधीच आम्हांला तपास. आमेन.