आईची शेगडी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी बेटेगावच्या आमच्या घराचा माळा आवरताना आईची जुनी कोळशाची शेगडी हाती लागली. लोखंडी बादलीची ती शेगडी! आतील मातीचे लिंपण गळून पडले होते, जाळीचे गज गंजाने खाल्ले होते आणि राख काढण्याचे दार घट्ट बसले होते. शेजारी तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे घरात गॅसही आला. तरी सुके बोंबील आणि भरताचे वांगे आई शेवटपर्यंत याच शेगडीवर भाजत असे. "भंगारात घालू या," असे मुलगा म्हणाला. पण माझा हात धजेना.

वाळू आणि नारळाची शेंडी घेऊन मी गंज घासून काढला. चिकणमातीत भाताचे तूस कालवून आतून दोन बोटे जाड लिंपण केले आणि ते सावलीत वाळत ठेवले. उन्हात घाईने वाळवले, तर मातीला तडे जातात. जाळी बसवणे मात्र माझ्या हातचे काम नव्हते. म्हणून शेगडी घेऊन मी बोईसरच्या एका लहानशा कारखान्यात गेलो. तेथील कारागिराने मला निरखून पाहिले, हातातील काम खाली ठेवले आणि वाकून नमस्कार केला. मनोरच्या बाजूच्या शाळेत तो माझा विद्यार्थी होता.

तो मला आठवत होता, तो वर्गात झोपणारा मुलगा म्हणून. पहिल्याच तासाला त्याची मान खाली जाई आणि मी त्याला बाकावर उभा करी. त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'आळशी' हा शेरा मीच लिहिला होता.

जुन्या जाळीवरून बोट फिरवीत तो म्हणाला, "सर, गज फार जवळ बसवू नयेत. राख खाली पडली नाही, तर खालून वारा लागत नाही आणि शेगडी नुसती धुमसत राहते."

"कोळशाची एवढी माहिती तुला कशी?" मी विचारले.

"आम्ही कोळसा पाडणारी माणसे, सर. मी भट्टीवरच वाढलो."

मग काम करता करता तो सांगू लागला. लाकडे रचून त्यांवर पाला घालायचा, वरून माती लिंपायची आणि आत विस्तव सोडायचा. हवा अगदी बेताने मिळाली, तर लाकडातील पाणी आणि धूर निघून जातो व कोळसा उरतो. पण मातीला कोठे चीर पडली आणि वारा आत शिरला, तर लाकूड भडकून राख होते. म्हणून भट्टीवर रात्रंदिवस नजर ठेवावी लागते. "वडील दिवसभर लाकूड तोडत. रात्रीची राखण माझ्याकडे असे," तो सहज म्हणाला.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. थोड्या वेळाने मी म्हणालो, "मी तुला एकदा तरी विचारायला हवे होते."

तो हसला. "विचारले असतेत, तरी मी सांगितले नसते, सर. लाज वाटे."

घरी आल्यावर मी शेगडी अंगणात पेटवली. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो; म्हणून बंद खोलीत ती कधीही पेटवू नये. खालचे दार उघडताच वारा आत गेला आणि निखारे फुलले. त्यांवर वांगे ठेवले, तेव्हा आईच्या हातचे भरीत आठवले. ते जेवताना, हे निखारे कोणाच्या जागरणातून आले, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

शेगडी पूर्वीसारखी झाली. तो शेरा खोडायला मात्र ते प्रगतिपुस्तक आता मला कोठे मिळणार?