मुसळीचं मुंडकं

झरी-जामणीकडच्या टेकड्यांवर पहिला पाऊस झाला की सागाखाली सफेद मुसळीची हिरवी पाती वर येत. कोवळ्या पाल्याची भाजी घरी दोन-चारदा व्हायची. पांढरी फुलं दिसली की भाजी बंद.

मुळ्या खोदायच्या त्या दसऱ्याच्या आसपास, पाला पिवळा पडून गळाल्यावर. शेजारच्या कोलाम पोडातला आजा सांगे, "हिरव्यात खोदलं त मुयी पोचट निंघते. अन् मुंडकं मातीत ठेवजो बाबू, नाही त पुढच्या साली काय येईन?" त्याचं खरं होतं. मुंडक्याचा तुकडा नसेल तर नुसत्या मुळीला कोंब फुटत नाही. बीही फार कमी उगवतं.

पुढे औषधाच्या बाजारात सोललेल्या, वाळलेल्या मुळीला भाव चढला. कुदळी श्रावणातच टेकडीवर गेल्या. फुलाचं बी होईना, मुंडकंही उरेना.

शास्त्रात ही क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. १९५० च्या दशकात फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी बोरिवलीच्या रानावरून हे नाव दिलं. अभ्यासक आता तिला धोक्यातली वनस्पती मानतात.

लोक म्हणतात, वावरात लावतात ना, मग संपेल कशी? पण वावरातली मुसळी निवडक बेण्याची. रानातली हरेक टेकडीची वेगळी, तिथल्या मातीत मुरलेली. शिवाय भाव पडला की शेतकरी मुसळी मोडून सोयाबीन पेरतो. टेकडीवर मुसळी कोण पेरणार?