घसरती शिडी

गणिताच्या पुस्तकात राहणाऱ्या माणसांविषयी माझं मत पहिल्यापासूनच फारसं बरं नाही. एक गृहस्थ हौदाला वरून दोन नळ सोडतो आणि खालची तोटी उघडी ठेवतो. एक गवळी दुधात पाणी घालतो आणि वर त्याचं प्रमाणही सांगून टाकतो! या मंडळींपासून सुटका व्हावी म्हणून मी अकरावीला कॉमर्सला गेलो, आणि तिथेही गणिताऐवजी सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घेतलं. ‘आपले दि. ५ चे पत्र पावले’ या वाक्याने आजवर कुणाचा घात केल्याचं ऐकिवात नाही.

पण आमच्या कन्येने सायन्स घेतलं, ती बारावीत गेली, आणि ही मंडळी पत्ता काढत घरी आली. दरम्यान त्यांची बरीच प्रगती झाली होती. साधा हौद जाऊन शंकूच्या आकाराची टाकी आली होती. शिवाय एक शिडी होती. लांबी ५ मीटर, भिंतीला टेकलेली. तिचा पाय सेकंदाला १ मीटर या वेगाने भिंतीपासून दूर सरकतोय. पाय भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येत असेल?

‘अगंबाई, शिडीवर कुणी आहे का?’ हा सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न. पुस्तकाला त्याचं काही नव्हतं.

‘हा प्रकार मी ऑप्शनला टाकतेय,’ कन्या म्हणाली.

मला धडकी भरली ती या वाक्याने. ऑगस्टमध्ये एक धडा ऑप्शनला गेला होता, दिवाळीत दोन. हा वेग बघता फेब्रुवारीपर्यंत हॉल तिकीट सोडून काही शिल्लक राहील असं वाटेना. बरं, पूर्वी अडलं की पोरगी चिडायची, वही आपटायची. आता नुसतीच वही मिटून ठेवायची. मी जरा वाकून बघितलं, तर म्हणाली, ‘राहू द्या हो बाबा. तुम्ही कॉमर्सचे.’

दुसऱ्या दिवशी ती वही माझ्या डब्याच्या पिशवीतून बँकेत आली. जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात वही, असा मी बसलो. बाईसाहेबांनी सुरुवात तर ठीक केली होती. भिंत, जमीन आणि शिडी मिळून काटकोन त्रिकोण. पाय ३ मीटरवर, म्हणजे टोक ४ मीटर उंचीवर. ९ अधिक १६ बरोबर २५. मग डेरिव्हेटिव्ह. आता ठाम आकड्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य, एवढं त्याच वहीत मागच्या पानावर लाल शाईने लिहिलं होतं. त्यामुळे शेवटी आलं काय? शून्य बरोबर शून्य. आमच्याकडे अशी टॅली झाली की माणसं खूश होऊन घरी जातात. इथे मात्र शिडी जागची हलेना.

हा घोटाळा माझ्या ओळखीचा निघाला. काउंटरवर येऊन कुणी विचारावं, ‘साहेब, माझ्या खात्यात ४,००० आहेत, तर पैसे कुठल्या वेगाने संपतायत?’ एका शिल्लकेवरून काय सांगणार, कपाळ! ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्याचं व्याजही असंच निघायचं. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरायची, बाकी पैसे मधे नाचले काय आणि कुदले काय, बँकेला त्याचं सोयरसुतक नाही. १ एप्रिलपासून रोजची शिल्लक धरायला लागले, तेव्हा कुठे खातं हलतं हे बँकेला मान्य झालं.

रात्री कन्येला म्हटलं, ‘तू खातं चालू असतानाच शिल्लक मारून टाकलीस. ३ आणि ४ आधी घालायचेच नाहीत. ते त्या एका क्षणाचे आकडे. आधी दोन्ही अंतरं अक्षरांतच ठेव, त्यांना सरकू दे. डेरिव्हेटिव्ह काढ. आकडे शेवटी.’

तिने माझ्याकडे, पासबुकावरच्या फोटोशी चेहरा जुळवून पाहावा तसं पाहिलं. मग लिहायला घेतलं. पायाचं अंतर गुणिले पायाचा वेग, अधिक टोकाची उंची गुणिले टोकाचा वेग, बरोबर शून्य. आता ३ आणि ४ घातले. टोकाचा वेग उणे पाऊण मीटर. उणे म्हणजे खाली, हे मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही. नावे पडणं आम्ही रोज बघतो.

मग तिलाच चेव आला. पाय ४ मीटरवर नेला, तर टोक सेकंदाला १.३३ मीटर. ४.९९ वर नेला, तर जवळजवळ १६ मीटर, म्हणजे ताशी ५७ किलोमीटर! पाय बिचारा तोच, तितक्याच संथपणे चाललेला, आणि टोकाने एसटीला मागे टाकलेलं. जमीन गाठताना तर वेगाला काही मर्यादाच उरत नाही. ‘हे शक्य आहे का?’ म्हणाली. मग स्वतःच म्हणाली की खऱ्या शिडीचं टोक त्याआधीच भिंत सोडून देईल आणि तिथे हे समीकरणच लागू राहणार नाही. अर्धा तास ती हे मला समजावत होती. कॉमर्सला कळेल अशा भाषेत.

रात्री अकराला उठून आली. शंकूच्या टाकीचं गणित एकटीने सोडवलं होतं. टोक खाली असलेल्या टाकीत पाणी एकाच वेगाने पडत असलं, तरी वर जाता जाता पातळी हळू चढते, हेही शेजारी लिहिलेलं. मी चष्मा लावून तपासलं. उत्तरापुढे ‘मीटर प्रति मिनिट’ लिहायचं राहिलं होतं. ते लिहायला लावलं. तारखेशिवाय पत्र नाही, हे सेक्रेटेरियल प्रॅक्टिसमध्ये पहिल्याच तासाला शिकवतात.