पेटलेले पाणी

गेल्या मार्गशीर्षातील अमावास्येस आम्ही रत्नागिरीस होतो. निमंत्रण आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. हा खारव्याचा मुलगा लहानपणी मामाकडे घाटावर शिकावयास राहिला होता. एकदा निबंधात त्याने लिहिले की, थंडीत आमच्याकडे रात्री समुद्राचे पाणी पेटते. आम्ही त्या वाक्यावर तांबडी रेघ ओढली आणि 'अतिशयोक्ती' असा शेरा मारून ते वर्गात मोठ्याने वाचून दाखविले. मुले हसली. नवल हे की, त्याच वर्गास आम्ही समुद्रातील वडवानलाची पुराणकथा मात्र मोठ्या गौरवाने सांगत असू!

काजळी नदी जेथे समुद्रास मिळते, त्या भाट्याच्या वाळूवर तो आम्हांस रात्री घेऊन गेला. काळोख दाट होता. लाट फुटली, आणि तिच्या माथ्यावरून निळसर प्रकाशाची रेघ दूरवर धावत गेली. तो म्हणाला, "गुरुजी, पाण्यात हात घाला." आम्ही हात घातला, तो बोटे उजळून निघाली!

हा प्रकाश नॉक्टिल्युका नामक एकपेशी जीवांचा. प्रत्येक जीव मोहरीच्या दाण्याहूनही लहान; पाणी ढवळले की क्षणभर चमकतो. प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या अशा जीवांस प्लवक म्हणतात. 'प्लु' म्हणजे तरंगणे, हा धातू आमच्या परिचयाचाच. परंतु प्लवक नुसते तरंगत नाहीत, ते ऋतूही ओळखतात.

पावसाळ्यात नद्यांच्या पुराने किनाऱ्याचे पाणी गोडसर व गढूळ होते. त्याच दिवसांत पश्चिम किनाऱ्यालगत खोलीतले थंड, क्षारयुक्त पाणी वर येऊ लागते; केरळाकडे याचा जोर अधिक, उत्तरेस कमी. या खतावर डायाटम नामक सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यांचे कवच काचेसारखे, म्हणून जड. पाणी घुसळत असते तोवर त्या उजेडात टिकतात. ते निवले की खाली बसू लागतात. अन्न संपले की त्यांच्यातील कित्येक जाड कवचाचे बीजाणू होऊन तळच्या गाळात निजतात. काही सूक्ष्म प्राणीही अशीच दीर्घकाळ टिकणारी अंडी गाळात सोडतात. शेतकरी बियाणे कणगीत राखतो, तसाच हा प्रकार. अनुकूल काळ येताच ती जागी होतात.

नॉक्टिल्युकाची युक्ती निराळी. त्याच्या पोटातील रस समुद्राच्या पाण्याहून हलका असल्यामुळे शांत पाण्यात तो आपोआप वर येतो, आणि डायाटम खाऊन वाढतो. म्हणून पाऊस सरल्यावर, समुद्र निवल्यावर, तो पृष्ठभागी दाटतो. तारली व बांगडा यांचे पोषणही प्लवकांवरच. तेव्हा खारव्याची चूलही अखेर या अदृश्य शेतीवरच पेटते.

परतताना आम्ही त्या निबंधाची आठवण काढून क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, तेव्हा तुम्ही समुद्र कुठे पाहिला होता?"

त्याने सहज म्हटले, पण आम्हांस रात्रभर झोप आली नाही. नोकरीच्या इतक्या वर्षांत, मुलांनी घरून आणलेल्या खऱ्या गोष्टींवर आम्ही अशा किती रेघा ओढल्या असतील, याचा हिशेब आता लागणे नाही. घरातील मुलाने असे काही नवल सांगितले, तर वाचकांनी प्रथम एवढेच विचारावे: "कोठे पाहिलेस? आम्हांस दाखवशील?"