येणे बाकी

आमचं कॉलेज बुडायला लागलंय हे मला पहिल्यांदा पेट्रोल पंपामुळे कळलं. २०१५ च्या डिसेंबरात कॉलेजच्या सहा बसपैकी एक डिझेल न भरताच परत आली. ड्रायव्हर अकाउंट्सच्या खिडकीत येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, पंपवाले म्हणतात आधी मागचं भागवा." तेरा वर्षं त्या पंपावर आमचं खातं होतं. महिना संपला की मी चेक पाठवायचो, त्यांनी कधी फोनसुद्धा केला नव्हता. मी ड्रायव्हरला माझ्या खिशातून दोन हजार दिले आणि वहीत लिहून ठेवले. ते अजून यायचेत.

मी २००२ साली, कॉलेज निघालं त्याच वर्षी, ज्युनिअर क्लार्क म्हणून लागलो आणि पुढे लेखापाल झालो. तालुक्यापासून नऊ किलोमीटरवर, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं अशा माळावर तीन मजली इमारत उभी राहिली होती. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि डोनेशन भरून कर्नाटकात जाणारी पोरं इकडेच शिकायला लागली, हे आमचे अध्यक्ष प्रत्येक स्नेहसंमेलनात सांगायचे. साखर कारखाना, मग बँक, मग कॉलेज असा त्यांचा प्रवास. सुरुवातीला २४० जागा होत्या, २०११ पर्यंत ४२० झाल्या. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, पहिल्या फेरीतच बहुतेक जागा भरायच्या. तेव्हा आजूबाजूच्या तीन तालुक्यांत आणखी पाच कॉलेजं निघाली. याची काळजी आम्ही कुणीच केली नाही. उलट आता आपला भाग पुढे चालला म्हणून बरंच वाटायचं.

चांगल्या वर्षांत जे उरलं त्यातून एमबीएची इमारत झाली, ग्रॅनाइटच्या जिन्याची. पगारासाठी म्हणून बाजूला ठेवलेली ठेव एकही नव्हती. सगळं सरकारवर ढकलणाऱ्यांना मी या जिन्याची आठवण करून देतो.

तरी सरकारचा वाटाही आहेच. अनुसूचित जातीच्या मुलांची पूर्ण, ओबीसी मुलांची निम्मी, आणि उत्पन्न मर्यादेत बसणाऱ्या खुल्या वर्गातल्या मुलांचीही निम्मी शिक्षण फी तेव्हा शासन भरायचं. हे व्हायलाच हवं. आमच्याकडे दहातली सात-आठ मुलं कुठल्या ना कुठल्या योजनेतली होती, आणि योजना नसत्या तर त्यांतली निम्मी कॉलेजची पायरी चढली नसती. पण मुलगा ऑगस्टमध्ये वर्गात बसतो आणि त्याचे पैसे पुढच्या मार्चला येतात, नाहीतर त्याच्याही पुढच्या. २०१७-१८ ला या योजनांच्या अर्जांसाठी महाडीबीटी पोर्टल आलं. त्या वर्षी कुणाचा अर्ज अडकला, कुणाचं आधार बँक खात्याला जोडलेलं नव्हतं. मी दुपारचा डबा संध्याकाळी खायचो. ताळेबंदात मात्र हे सगळं पैसे म्हणूनच दिसतं. 'शासनाकडून येणे' अशी एक ओळ, तिच्यापुढे भलामोठा आकडा. ऑडिटर खुशीत म्हणाले, "तुमचं येणं तर दांडगं आहे." तीच ओळ दाखवून बँकेकडून ओव्हरड्राफ्ट वाढवून घेतला. शासन उशिराचं व्याज देत नाही. बँक मात्र घेते.

आता जे सांगतोय ते मी घरीही बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

विनाअनुदानित कॉलेजची फी संस्थाचालक मनाला येईल तशी ठरवतात असा लोकांचा समज असतो. तसं नसतं. लेखापरीक्षण झालेला खर्च आधी शुल्क समितीपुढे, नंतरच्या काळात शुल्क नियामक प्राधिकरणापुढे मांडायचा आणि त्यावरून ते फी ठरवून देणार. खर्चात सगळ्यात मोठा आकडा पगाराचा. पगार कमी दिला की खर्च कमी दिसतो आणि पुढची फी घटते. मग ज्याच्याकडे पगाराला पैसेच नाहीत त्याने काय करायचं? आमच्याकडे असं व्हायचं की पगार पूर्ण खात्यावर जमा करायचा आणि आठवड्याभरात त्यातला काही भाग रोखीत परत घ्यायचा. आधी चौथा हिस्सा, मग तिसरा, शेवटी जवळजवळ निम्मा.

त्या रोखीची वही माझ्याकडे होती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, वर नाव काहीच नाही. मेकॅनिकलचे एक प्राध्यापक, पीएच.डी. झालेले, एकदा पाचशेच्या नोटा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "भाऊसाहेब, पावती मिळेल का?" थट्टा होती की राग, कळलं नाही. मी मान खाली घालून नोटा पुन्हा मोजल्या. माझ्या पगारातून काही परत घेत नसत. तो वही सांभाळण्याचा मोबदला होता असं मी धरून चालतो.

जागा रिकाम्या पडायला लागल्या तसं प्राध्यापकांना मे-जूनमध्ये 'टार्गेट' मिळायला लागलं. माणशी पाच प्रवेश आणायचे, नाहीतर जुलैचा पगार थांबणार. ज्यांनी वर्षभर सिग्नल प्रोसेसिंग शिकवलं त्या बाई आठवडे बाजारात कांद्याच्या ढिगाशेजारी उभ्या राहून माहितीपत्रकं वाटायच्या. एका शेतकऱ्याने पत्रक उलटसुलट पाहून त्यांना विचारलं, "म्याडम, हे शिकून तुम्हाला किती पगार मिळतो?" बाईंनी खात्यावर जमा होणारा आकडा सांगितला. त्याने तो ऐकून पोरीला घातलंही. हे बाईंनी मला रडत नाही, हसत सांगितलं, ते जास्त वाईट वाटलं.

विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती यायची तेव्हा संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून टेम्पोने पुस्तकं यायची. त्यांच्यावरचे शिक्के आतल्या पानावर असतात, आणि समितीचे लोक सहसा आतलं पान उघडत नाहीत.

पहिल्या वर्षाचे प्रवेश २०१३ ला ३१२ होते, २०१५ ला १९०, २०१७ ला ७१ आणि २०१८ ला २३. त्याच २०१८-१९ पासून तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण वीसवर नेलं. संस्थेला तेवढं निमित्त पुरलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकवीस जणांना फोनवरच सांगितलं गेलं. त्यातल्या काहींची मूळ प्रमाणपत्रं आमच्या कपाटात होती; ती परत द्यायला वर्ष गेलं, आणि त्या वर्षात मी त्यांचे फोन घेणं टाळत होतो.

२०१९ ला नवे प्रवेश थांबवले. याला प्रोग्रेसिव्ह क्लोजर म्हणतात, म्हणजे आत असलेली मुलं पास होऊन जाईपर्यंत चालवायचं आणि मग कुलूप. यात प्रोग्रेस कशाची ते मला कुणी सांगितलं नाही. शेवटच्या तेवीसपैकी चार मुलं दुसरीकडे गेली. एकोणीस उरली आणि मधली दीड-दोन वर्षं कोरोनामुळे घरी मोबाइलवर शिकली. त्यामुळे कॉलेज रिकामं होताना बघायलाही फारसं कुणी नव्हतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये शेवटचा दाखला मी लिहिला.

मग डेडस्टॉक. शेकडो नोंदी, त्यातल्या पहिल्या दोन-अडीचशे माझ्याच अक्षरात. ड्रॉइंग बोर्ड, ऑसिलोस्कोप, एकशे दहा स्टुलं, पेल्टन व्हील. रजिस्टरमध्ये प्रत्येक ओळीपुढे 'निर्लेखित' लिहून सही करत मी शिपायाबरोबर खोल्याखोल्यांतून फिरलो. वर्कशॉपमध्ये आठ लेथ होते. भंगारवाल्याने काटा तिथंच लावला. बीड वेगळं, लोखंड वेगळं, मोटारीतलं तांबं वेगळं. चार नंबरच्या लेथचे पायातले बोल्ट कटरने कापताना ठिणग्या दारापर्यंत उडत होत्या. वर्कशॉपचे मिस्त्री, वीस वर्षं तिथं काम केलेले, कोपऱ्यात उभे होते. आदल्या दिवशी येऊन त्यांनी आठही लेथच्या बेडवर तेलाचं फडकं फिरवलं होतं. भंगारवाल्याचा पोरगा हात पुसत म्हणाला, "काका, आता कशाला तेल?"

मिस्त्री म्हणाले, "गंज धरतो."

आठ लेथ विकून जेवढे आले तेवढ्यात एका प्राध्यापकाचे चार महिन्यांचे पगार भागले नसते. ते भागवलेही नाहीत, आलेले पैसे बँकेने घेतले. माझं अकरा महिन्यांचं येणं आहे. प्राध्यापकांतले काही कोर्टात गेले. मी गेलो नाही, कारण तिथं लाल वहीबद्दल विचारतील.

कॉलेजच्या लेटरपॅडवर जो मोबाइल नंबर छापलेला आहे त्याचं सिम माझ्याकडे राहिलंय. रिचार्ज मीच मारतो. बायको म्हणते बंद करा, पण दर महिन्याला एक-दोन फोन येतात. मागच्या आठवड्यात बेंगळुरूहून एका मुलीचा आला. नोकरीला लागणाऱ्यांची कागदपत्रं पडताळणारी कंपनी होती. २०१२ ला पास झालेला अमुक एक तुमच्याकडे होता का, आणि तुमचं कॉलेज इंटरनेटवर सापडत का नाही?

मी म्हटलं, मार्कांचं विद्यापीठाला विचारा, पण तो आमच्याकडे होता का ते सांगतो, थांबा. फीच्या जुन्या खातेवहीची झेरॉक्स घरी माळ्यावर आहे. स्टूल घेऊन चढलो, ती फोनवर थांबली. पान सापडलं. इलेक्ट्रॉनिक्स, चौथं वर्ष, परीक्षा फी भरलेली, बसचे पैसे भरलेले. खाली माझ्याच अक्षरात: शिष्यवृत्ती येणे, ३१,४००. पुढचा रकाना कोरा.

"होता," मी म्हटलं. "चारही वर्षं होता."

ती म्हणाली, तसं लेटरहेडवर लिहून, सही-शिक्का करून मेल करा. शिक्का संस्थेने परत नेलाय. लेटरहेडचं अर्धं रीम मात्र पलंगाखाली आहे. मी वाकून एक कागद काढला.