छेदाचा शोध

गुरुविद्यालयात आम्हांला तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले, थोडेफार लॅटिनही शिकविले. भागाकार मात्र कोणी शिकविला नाही. त्याची उणीव मला २०२१ साली जाणवली. त्या वर्षी दफनाच्या नोंदवहीची पाने भराभर भरत होती. साथ कोणत्या वाडीत अधिक फोफावली हे त्या नोंदींवरून समजेल काय, असे मी आमच्या धर्मग्रामातील एका वयस्क डॉक्टरांना विचारले. सामाजिक आरोग्यशास्त्र हा त्यांच्या अध्यापनाचा विषय. त्यांनी वही चाळली, अदबीने मिटली आणि म्हणाले, "फादर, हा नुसता अंश झाला. छेद कुठे आहे?"

मोठ्या वाडीत मरणे अधिक होणारच. ती किती जणांमागे झाली हे ठाऊक नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही. पुढे कित्येक रविवारी सायंकाळी त्यांनी मला साथरोगशास्त्राचे धडे दिले. त्यांपैकी एक धडा एका धर्मगुरूचाच होता, म्हणून तो अधिक लक्षात राहिला.

१८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ उसळली. अवघ्या दहा दिवसांत ५०० हून अधिक माणसे दगावली. दूषित हवेमुळे पटकी होते, अशी त्या काळच्या बहुतेक विद्वानांची समजूत. डॉ. जॉन स्नो यांचा संशय ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाच्या पाण्यावर होता. त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. ही कथा बहुश्रुत आहे. परंतु त्याच वस्तीत हेन्री व्हाइटहेड नावाचा अँग्लिकन पंथाचा, तिशीच्या आतला एक साहाय्यक धर्मगुरू होता, त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही.

व्हाइटहेडला स्नोंचे म्हणणे मुळीच पटले नव्हते. त्याने रात्रंदिवस रोग्यांची शुश्रूषा केली होती आणि हेच पाणी भरपूर पिऊन बरी झालेली माणसे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा स्नोंचे मत खोडून काढावे, या उद्देशाने तो चौकशीस निघाला. प्रत्येक कुटुंब त्याच्या परिचयाचे. एकेका दारी तो चार-चार, पाच-पाच वेळा गेला. स्नोंच्या तपासाचा मुख्य आधार मृतांची यादी हा होता. व्हाइटहेडने जे जगले, जे आजारीच पडले नाहीत, त्यांनाही विचारले की तुम्ही कोणते पाणी प्यायलात?

उत्तर त्याच्या अपेक्षेविरुद्ध आले. पंपाचे पाणी प्यालेल्या १३७ जणांपैकी ८० जणांना पटकी झाली. न प्यालेल्या २९७ जणांपैकी २० जणांना. म्हणजे पहिल्या गटात शंभरी ५८, दुसऱ्यात सुमारे ७. वाचकहो, पाणी पिऊनही ५७ जण सुखरूप राहिले, आणि न पिताही २० जण आजारी पडले, हेही ध्यानात घ्यावे. केवळ या ५७ जणांकडे पाहणारा मनुष्य पाण्याला निर्दोष ठरवील, आणि तसे तो अगदी प्रामाणिकपणे ठरवील. दोन्ही गट शेजारी शेजारी मांडल्याशिवाय सत्य दिसत नाही. हरवलेल्या एका मेंढरामागे जाण्याची शिकवण आम्हां मेंढपाळांना मिळालेली असते. हे शास्त्र मात्र उरलेल्या नव्व्याण्णवांचीही विचारपूस करावयास लावते.

पुढे मृत्यूच्या नोंदी तपासताना व्हाइटहेडला ४०, ब्रॉड स्ट्रीट येथील एका तान्ह्या मुलीची नोंद आढळली. साथ उसळण्यापूर्वीच तिला जुलाब सुरू झाले होते. तिच्या आईने दुपटी धुतलेले पाणी घरासमोरच्या मैलाखड्ड्यात ओतले होते. खोदून पाहता त्या खड्ड्याची भिंत ढासळलेली निघाली आणि पंपाची विहीर तेथून तीन फुटांच्याही आत. त्या मुलीचा पिता आजारी पडला तो ८ सप्टेंबरलाच, म्हणजे ज्या दिवशी दांडा निघाला त्याच दिवशी. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती. परंतु दांडा जागेवर असता तर ती पुन्हा उसळली नसती असे म्हणता येत नाही.

यात त्या आईचा काय दोष? बाळाची दुपटी कोणती आई धूत नाही? दोष खड्ड्याचा होता, आणि त्या दाट वस्तीत माणसांना तशा खड्ड्यांलगत राहावे लागत होते याचा होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५३ मध्ये, पटकीनिवारणासाठी राष्ट्रीय उपवासाचा दिवस जाहीर करावा अशी एडिंबरोच्या धर्ममंडळाने मागणी केली, तेव्हा गृहमंत्री पामरस्टन यांनी आधी शहरे स्वच्छ करा असे उत्तर धाडले होते. उपवासावर माझी श्रद्धा आहे. तरीही मला ते उत्तर अश्रद्ध वाटत नाही. दफनविधीच्या वेळी 'देवाची इच्छा' हे शब्द आपल्या तोंडून फार लवकर निघतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या दोन वाड्यांत काविळीची साथ आली. लोकांनी सारा दोष एका लग्नातील जेवणास दिला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आम्ही युवकांसह घरोघर प्रश्नावली नेली. कोणाच्या विहिरीचे पाणी, उकळून की तसेच, शौचालय किती अंतरावर, लग्नास गेला होतात काय. येथे एक अडचण ध्यानी आली. ज्या घरी आजारी मनुष्य आहे तेथे लग्नातील प्रत्येक पदार्थ आठवतो; धडधाकट माणसाला काल काय जेवलो हेही सांगता येत नाही. स्मरणशक्ती आजारी माणसाच्या बाजूने झुकते. म्हणून व्हाइटहेडप्रमाणे आम्हीही पुनःपुन्हा जातो. निष्कर्ष अद्याप निघालेला नाही, तो घाईने काढू नये असे डॉक्टर बजावतात. दरम्यान विहिरींत क्लोरीन टाकणे सुरू केले आहे.

निरोगी घरांतून आमचे स्वागत जरा संशयानेच होते. परवा एका आजीबाईंनी दारातच अडविले. "फादर, आमच्या घरात कोनी आजारी नाय, मग तुम्ही कशाला आलात?" मी ओट्यावर बसलो, कागद काढला आणि त्यांच्या विहिरीविषयी विचारू लागलो.